शहरांतील बिऱ्हाड आणि कुत्र्याची निवड

मुंबईंतील एकाद्या सुशिक्षित कुटुंबांत कुत्रा पाळावयाचें ठरलें, म्हणजे पहिला वाद होतो तो जातीचा. मुलांना चित्रपटांत किंवा जाहिरातींत पाहिलेलें गुबगुबीत पिलूं हवें असतें. वडिलांच्या मतें कुत्रा म्हणजे अल्सेशियन, बाकीचीं सारीं खेळणीं. आजीची अट एवढीच, कीं त्यानें स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडतां कामा नये. आणि शेजाऱ्यांचें म्हणणें असतें, कीं कसलाच कुत्रा नको. या वादांत ज्याच्याविषयीं वाद चालला आहे त्या प्राण्याची बाजू मांडणारें सहसा कोणी नसतें. वस्तुतः निवड चुकली तर तिचें फळ सर्वांत अधिक त्यालाच भोगावें लागतें. कुत्र्याचें आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचें. घराला न मानवणारें कुत्रें तीं वर्षें साखळीला बांधलेलें किंवा गॅलरींत कोंडलेलें काढतें. नाहीं तर एकाद्या रात्रीं मोटारींत घालून त्याला दूरच्या रस्त्यावर सोडून देण्यांत येतें. गांवठी कुत्र्यांच्या टोळींत भेदरून फिरणारें एकादें केसाळ, परदेशी वळणाचें कुत्रें परळ-दादरच्या रस्त्यावर दिसलें, तर तें बहुधा अशाच चुकलेल्या निवडीचा बळी असतें.

तेव्हां ‘कोणती जात चांगली?’ हा प्रश्न मुळांतच अपुरा आहे. कोणती जात कोणत्या कामासाठीं घडविली गेली, आणि त्या कामाची हौस भागविण्याची सोय या घरांत आहे काय, असा तो प्रश्न विचारला पाहिजे. स्वभाव, बुद्धि आणि घराला मानवणें या तिन्ही गोष्टींचा उलगडा या एका प्रश्नावरून पुष्कळसा होतो.

कुत्रा माणसाच्या सहवासांत निदान पंधरा हजार वर्षें आहे. परंतु वंशावळीची नोंद ठेवून, ठराविक रूपाच्या नरमाद्यांचीच जोडी लावून जात शुद्ध राखण्याची पद्धति अवघ्या पावणेदोनशें वर्षांतली आहे. इंग्लंडांत न्यूकॅसल येथें १८५९ सालीं कुत्र्यांचें पहिलें रीतसर प्रदर्शन भरलें. १८७३ सालीं लंडनला केनेल क्लब निघाला आणि १८९६ सालीं भारतांतही तशीच संस्था स्थापन झाली. त्यापूर्वीं कुत्र्याची पारख रूपापेक्षां कामावरून होत असे. मेंढरें वळणारा, ससा हुडकणारा, पाण्यांत पडलेला पक्षी उचलून आणणारा, बिळांत शिरणारा, दारावर बसून भुंकणारा आणि राजवाड्यांत मांडीवर बसणारा, असे त्यांचे वर्ग होते. प्रदर्शनें सुरू झालीं तसें रूप प्रधान झालें आणि कामें मागें पडलीं. पण पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीनें अंगांत मुरलेली कामाची ओढ मात्र गेली नाहीं. दादरच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या मेंढपाळी कुत्र्यानें मेंढरूं कधीं पाहिलेलें नसतें. तरीही घरांतील मुलें धावूं लागलीं, कीं तो त्यांच्या टाचांशीं तोंड नेऊन त्यांना एका कोपऱ्यांत गोळा करूं पाहतो. घरचे लोक तिला खोडी म्हणतात. ती खोडी नसून त्याचा वडिलोपार्जित धंदा असतो.

आतां बुद्धीचा विचार. कोणतें कुत्रें अधिक हुशार, याची एक यादी जगभर प्रसिद्ध आहे. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले कोरेन यांनीं ती १९९४ सालीं आपल्या ग्रंथांत दिली. उत्तर अमेरिकेंतील आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या सुमारें दोनशें परीक्षकांचीं मतें मागवून त्यांनीं शंभरावर जातींची प्रतवारी लावली. तींत बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा, जर्मन शेफर्ड म्हणजे अल्सेशियन तिसरा, गोल्डन रिट्रीव्हर चौथा, डॉबरमन पांचवा आणि लॅब्रॅडॉर सातवा आहे. पॉमेरेनियनचा क्रमांक तेविसावा, डॅक्सहुंडाचा एकोणपन्नासावा, पगचा सत्तावन्नावा, लासा आप्सोचा अडुसष्टावा आणि बीगलचा बहात्तरावा. पहिल्या दहांतील कुत्रीं नवी आज्ञा पांचांहून कमी खेपांत शिकतात. तळच्या जातींना तीच आज्ञा ऐंशी-शंभर वेळां सांगावी लागते.

ही यादी हातीं पडली, कीं बीगल मंद आणि अल्सेशियन शहाणा असा निकाल पुष्कळ लोक देऊन मोकळे होतात. पण स्वतः कोरेन यांनीं बुद्धीचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिली उपजत बुद्धि, म्हणजे ज्या कामासाठीं जात घडली त्या कामांतलें कसब. दुसरी अनुभवानें येणारी, म्हणजे अडचणींतून आपली आपण वाट काढण्याची. तिसरी माणसाची आज्ञा समजून ती पाळण्याची. यादी आहे ती या तिसऱ्या प्रकाराची. बीगल हा सशाच्या वासामागें टोळीनें धावण्यासाठीं घडविलेला. वास लागला असतां धन्याच्या हांकेकडे कान न देणें हाच त्याचा गुण समजला जाई. विमानतळांवर प्रवाशांच्या सामानांतील लपविलेलें अन्न हुडकण्याच्या कामीं अमेरिकेंत त्याचीच योजना होते. ज्या परीक्षेंत तो नापास होतो ती त्याच्या विषयाची परीक्षाच नव्हे. अमेरिकेंतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनीं पांच जातींच्या कुत्र्यांवर पुष्कळ वर्षें प्रयोग केले. त्यांचा ग्रंथ १९६५ सालीं निघाला. त्यांचाही निष्कर्ष असाच होता, कीं एका कसोटींत एक जात पुढें असते तर दुसऱ्या कसोटींत दुसरी. सर्वच कसोट्यांत श्रेष्ठ अशी जात आढळली नाहीं.

शिवाय बुद्धि हा घरगुती कुत्र्याच्या बाबतींत निर्भेळ लाभ आहे, हीही समजूत बरोबर नाहीं. अमेरिकेंतील जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनीं आपल्या ‘चेसर’ नांवाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला एक हजार बावीस खेळण्यांचीं नांवें शिकविलीं. तो वृत्तान्त २०११ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ही गोष्ट सांगणारे तिचा दुसरा भाग सांगत नाहींत. त्यासाठीं पिली तिच्याबरोबर वर्षानुवर्षें रोज कित्येक तास खर्च करीत होते. तीच कुत्री सकाळीं नऊ ते संध्याकाळीं सात बंद असलेल्या घरांत राहिली असती, तर तिची सारी बुद्धि दाराची कडी उघडणें, गाद्या फाडणें आणि दिवसभर भुंकणें यांत प्रकट झाली असती. हुशार कुत्र्याला काम लागतें. काम मिळालें नाहीं तर तो तें स्वतः शोधतो, आणि तें घरच्यांना आवडणारें असेलच असें नाहीं. ज्या घरांत दिवसा कोणी नसतें, त्या घराला पहिल्या दहांतल्या कुत्र्यापेक्षां थोडा आळशी, थोडा हट्टी कुत्रा अधिक मानवतो.

स्वभावाच्या बाबतींत तर जातीवर भिस्त आणखी कमी ठेवली पाहिजे. २०२२ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि त्यांपैकीं दोन हजारांवर कुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याचा तपास करून ती केलेली होती. कुत्र्याकुत्र्यांमध्यें वागणुकीचा जो फरक दिसतो, त्यांतील सरासरी अवघा नऊ टक्के जातीवरून सांगतां येतो, असें तींत आढळलें. आज्ञाधारकपणाचा जातीशीं संबंध त्यांतल्या त्यांत अधिक. पण कुत्रें किती लवकर चिडतें याचा जातीवरून जवळजवळ अंदाजच करतां येत नाहीं. एकाच विणीचीं चार पिलें घ्यावीं, तर एक धीट, एक भित्रें, एक लाडिक आणि एक तुसडें निघतें, हा अनुभव कुत्रीं पाळणाऱ्यांना पूर्वींपासून आहेच. या नव्या शोधानें त्याला पाठबळ मिळालें.

भारतांत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २०२४ च्या मार्च महिन्यांत केंद्र सरकारनें राज्यांना पत्र पाठवून पिट बुल, रॉटवायलर इत्यादि तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास सांगितलें. पुढच्याच महिन्यांत कर्नाटक उच्च न्यायालयानें तें पत्र रद्द केलें. ज्यांचा त्याच्याशीं संबंध येतो त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें गेलें नव्हतें, हें त्याचें एक प्रमुख कारण होतें. येथें एक विवेक मात्र ठेवावा लागतो. जातीवरून कुत्र्याचा राग सांगतां येत नसला, तरी त्याच्या जबड्याची आणि अंगाची ताकद सांगतां येते. तीन किलोचा पॉमेरेनियन चिडला तर हाताला ओरखडा येतो. पन्नास किलोचा रॉटवायलर चिडला तर माणूस इस्पितळांत जातो. म्हणून दांडग्या जातीचा कुत्रा ज्याला आंवरतां येत नाहीं त्यानें तो पाळूं नये, हें उघड आहे.

मग स्वभाव घडतो कशानें? वर उल्लेखिलेल्या स्कॉट आणि फुलर यांनीं याचें एक महत्त्वाचें उत्तर दिलें आहे. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन विलक्षण ग्रहणशील असतें. या अवधींत जीं माणसें, जे आवाज आणि जे प्राणी त्याच्या परिचयाचे होतात, त्यांना तें जन्मभर आपलें मानतें. जें या काळांत पाहिलेंच नाहीं त्याची भीति पुढें फार कष्टानें जाते. कुत्रें चावतें तें बहुतेक वेळां क्रौर्यानें नव्हे तर भीतीनें. या दृष्टीनें पिलूं कोणत्या जातीचें, यापेक्षां तें पहिले तीन महिने कोठें वाढलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. अंधाऱ्या पिंजऱ्यांत वाढलेल्या उंची जातीच्या पिलापेक्षां माणसांच्या वर्दळींत, आईजवळ वाढलेलें साधें पिलूं स्वभावानें अधिक चांगलें निघण्याचा संभव असतो. आठ आठवड्यांच्या आंतील पिलाची विक्री करूं नये, असा नियम २०१७ सालीं झाला, तोही याच कारणानें योग्य आहे. पिलानें चावण्याचा जोर आंवरणें आपल्या आईकडून आणि भावंडांकडून शिकावयाचें असतें. तें शिक्षण माणसाला देतां येत नाहीं.

हें सर्व ध्यानांत घेऊन आतां मुंबईकडे वळावें. या शहरांत कुत्र्याच्या वाट्याला तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. त्या म्हणजे अपुरी जागा, दमट हवा आणि आवाज.

वरळी, नायगांव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकांत बांधल्या गेल्या, तेव्हां एका खोलीला सुमारें १६० चौरस फूट जागा देण्यांत आली होती. गिरगांवांतील जुन्या चाळींची स्थिति याहून फार निराळी नाहीं. पण चाळींतील खरी अडचण जागेची नाहीं. कुत्रें दिवसाचा बराच वेळ झोपतें आणि झोपेला फार जागा लागत नाहीं. खरी अडचण सामाईक गॅलरीची आहे. चाळींत दारें दिवसभर उघडीं. दूधवाला, पोस्टमन, पाहुणे आणि शेजारची मुलें यांची ये-जा अखंड. राखणीसाठीं घडविलेलें कुत्रें उंबरठ्यापुरती हद्द मानीत नाहीं. तें सारी गॅलरी आपलीच समजतें आणि शेजाऱ्याला त्याच्याच दाराशीं अडवितें. गिरण्यांच्या जागीं परळ-लालबागेंत जे मनोरे उठले आहेत, तेथें हीच अडचण लिफ्टमध्यें येते. चार फुटांच्या पेटींत अनोळखी माणूस, अनोळखी मूल आणि कदाचित् अनोळखी कुत्रें यांच्याबरोबर शांत उभें राहणें, ही या शहरांतील कुत्र्याच्या स्वभावाची रोजची परीक्षा आहे.

हवेचें म्हणावें, तर कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. धापा टाकून, जिभेवरचा ओलावा वाफेच्या रूपानें घालवून तो अंग थंड करतो. हवा कोरडी असली तर हें साधतें. मुंबईच्या दमट हवेंत ओलावा लवकर उडत नाहीं. बर्फाच्या प्रदेशांतील हस्की किंवा सेंट बर्नार्ड येथें वर्षाचे आठ महिने तळमळत राहतो. वातानुकूलित खोलींत त्याला ठेवतां येतें हें खरें. परंतु त्याला धावावयास रस्त्यावर न्यावेंच लागतें, आणि रस्ता वातानुकूलित नसतो. पावसाळ्यांत हिंदमातेसारख्या सखल भागांत पाणी तुंबतें. त्यांत उंदरांच्या मूत्रानें पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा धोका माणसाप्रमाणेंच कुत्र्यालाही असतो. त्याच्यावर लस आहे, ती वेळेवर टोचून घ्यावी लागते.

आवाजाविषयीं लालबागच्या लोकांना सांगावयास नकोच. गणेशोत्सवाचे दहा दिवस ढोल-ताशे, ध्वनिक्षेपक आणि फटाके. मग विसर्जनाच्या दिवशीं लालबागेपासून गिरगांवच्या चौपाटीपर्यंत मिरवणुकींची रीघ. त्यानंतर सुमारें दीड महिन्यानें दिवाळी. माणसाला ऐकूं येणाऱ्या ध्वनीच्या दुपटीहून अधिक कंपसंख्येचे ध्वनि कुत्रा ऐकतो. अशा वस्तींत मुळांत भित्रें असलेलें पिलूं आणणें म्हणजे दर भाद्रपदांत त्याला पलंगाखालीं थरथरत ठेवणें होय. येथें जातीपेक्षां पिलाची पारख करावी. जवळ एकादें भांडें पडल्यावर जें दचकतें पण क्षणांत सावरून भांडें हुंगावयास येतें, तें या वस्तींत निभावेल.

या कसोट्यांवर आतां परिचित जाती पाहाव्या. जर्मन शेफर्ड ही जात १८९९ सालापासून माक्स फॉन स्टेफानिट्झ या जर्मन अधिकाऱ्यानें मेंढपाळी कुत्र्यांतून घडविली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हें नांवच नकोसें झाल्यानें त्यांनीं तिला ‘अल्सेशियन’ म्हटलें, आणि मुंबईंत तेंच नांव रूढ झालें. निष्ठा, धैर्य आणि शिकण्याची आवड यांत त्याच्या तोडीचीं कुत्रीं थोडीं. परंतु त्याला रोज दीड-दोन तासांची चाल आणि काम हवें असतें. तीं न मिळाल्यास तो संशयी आणि चिडका होतो. कंबरेच्या सांध्याचा विकार या जातींत पुष्कळ आढळतो, म्हणून लिफ्ट नसलेल्या इमारतींत त्याचें म्हातारपण फार अवघड जातें. डॉबरमनचें तंत्रही असेंच. एका जर्मन करवसुली अधिकाऱ्यानें तो अंगरक्षक म्हणून तयार केला. धन्यावर त्याची माया फार. पण गॅलरीच्या वर्दळींत तो अस्थानीं आहे.

लॅब्रॅडॉरची कीर्ति मुंबईंत वेगळ्या कारणानें आहे. १९९३ च्या मार्चमध्यें शहरांत बॉम्बस्फोट झाले. दादरचें प्लाझा चित्रपटगृह हें त्यांतील एक ठिकाण. त्या काळांत पोलिसांच्या ‘जंजीर’ नांवाच्या लॅब्रॅडॉरनें दडविलेला आर. डी. एक्स. व इतर स्फोटकांचा मोठा सांठा हुडकून काढला. २००० च्या नोव्हेंबरांत तो मरण पावला, तेव्हां सरकारी इतमामानें त्याचा दफनविधि झाला. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यांत काम करणाऱ्या कुत्र्यांचा हा वंश. माणसांची आवड, मुलांशीं सहनशील, क्वचित् रागावणारा. पण राखणीच्या कामीं जवळजवळ निरुपयोगी, कारण चोराचेंही तो शेपटी हालवून स्वागत करील. त्याचा शत्रु म्हणजे त्याची भूक. केंब्रिज येथील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें, कीं सुमारें चौथाई लॅब्रॅडॉरांत एका आनुवंशिक दोषामुळें भूक अधिक असते. घरांतील प्रत्येकानें त्याला पोळीचा एकेक तुकडा द्यावयाचा आणि संध्याकाळीं कोणीं फिरावयास न्यावयाचें नाहीं, अशा घरांत तो पांचव्या वर्षींच लठ्ठ व धापा टाकणारा होतो. शिवाजी पार्कासारखें फिरावयाचें ठिकाण जवळ असलेल्या, आणि घरीं कोणी तरी माणूस असलेल्या दादरकरांना मात्र तो फार चांगला.

लहान जातींत मुंबईकर ज्याला पॉमेरेनियन म्हणतात, तो पांढरा केसाळ कुत्रा बहुधा ‘इंडियन स्पिट्झ’ असतो. खरा पॉमेरेनियन याहून पुष्कळ लहान, दोन-तीन किलोंचा. स्पिट्झ चपळ, चलाख, थोड्या जागेंत सुखानें राहणारा आणि येथल्या हवेला पुष्कळसा सरावलेला. मात्र तो भुंकतो फार, आणि अगदीं लहान मुलांची ओढाताण त्याला खपत नाहीं. वयस्क जोडप्याला तो उत्तम सोबती होय. डॅक्सहुंड हा बिज्जूच्या बिळांत शिरण्यासाठीं घडविलेला. म्हणून पाय आंखूड, पाठ लांब आणि धैर्य अंगाच्या मानानें अफाट. जागा थोडी लागते. पण त्याच्या पाठीचा कणा नाजूक असतो आणि चाळीचे उभे लांकडी जिने त्याला घातक होतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीं तो पाळावा, किंवा त्याला उचलून नेण्याची तयारी ठेवावी. लासा आप्सो हा तिबेटांतील मठांचा आंतला राखणदार. कान तीक्ष्ण, मान ताठ, केस भरपूर. मुंबईंत ते केस कातरून आंखूड ठेवावे लागतात. बीगल प्रेमळ आणि मुलांत रमणारा. पण टोळींत राहण्याची संवय असल्यानें त्याला एकटेपणा सोसत नाहीं, आणि एकटा पडला कीं तो असा सूर लावतो कीं चारही मजले जागे होतात.

पगविषयीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. २००३ सालीं एका दूरध्वनि कंपनीच्या जाहिरातींत एका मुलाच्या मागोमाग चालणारा पग घरोघर दिसूं लागला आणि मुंबईंत त्याची लाट आली. स्वभावानें हा कुत्रा लाखांत एक. विनोदी, लाडिक, भांडण न जाणणारा. पण चपट्या नाकाच्या हौसेपायीं माणसानें त्याची श्वासाची वाटच आंवळून टाकली आहे. धापा टाकून थंड होण्याचा कुत्र्याचा मुख्य उपाय त्याच्या बाबतींत निम्मा लुळा पडतो. मे महिन्यांत दुपारीं वीज गेली, तर त्याच्या जिवावर बेतूं शकतें. ज्या गोंडस चेहऱ्यासाठीं त्याला घ्यावयाचें तोच चेहरा त्याचें दुखणें आहे, हें घेणाऱ्यानें घेण्यापूर्वीं जाणावें.

देशी जातींत महाराष्ट्राला जवळचा तो मुधोळ किंवा कारवान. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं या जातीला आश्रय दिला. मालोजीराव घोरपडे यांनीं तिची एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली होती. २००५ सालीं टपाल खात्यानें चार देशी जातींचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळही होता. दख्खनच्या उघड्या माळावर नजरेनें सावज हेरून वाऱ्यासारखें धावावयाचें, हा त्याचा धर्म. तो दिसावयास देखणा, अंगानें निरोगी, हवेला पक्का. परंतु परक्याशीं लाजरा, आणि पोटभर धावावयास न मिळालें तर कष्टी. त्याचा अभिमान बाळगावा. मात्र गिरगांवच्या दोन खोल्यांत त्याला कोंडून तो अभिमान मिरवूं नये. गांवीं मोकळें आवार असेल, तर तेथें तो शोभेल.

शेवटीं राहिला तो दारांतच बसलेला गांवठी कुत्रा. त्याची वंशावळ कोणीं लिहिलेली नाहीं. त्याची निवड माणसापेक्षां येथल्या उन्हापावसानें, रोगांनीं आणि रस्त्यांनीं केलेली आहे. केस आंखूड, नाक लांब, अंग मध्यम आणि हाड काटक. शुद्ध जातींत एकाच रक्तामुळें सांठत जाणारे आनुवंशिक रोग त्याच्यांत थोडे. त्याच्या बुद्धीचें मोजमाप कोरेन यांच्या यादींत नाहीं, कारण तिकडील परीक्षकांपुढें तो आलाच नाहीं. पण कोलकात्याच्या आयसर या संस्थेंतील अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं भारतांतील रस्त्यांवरील कुत्र्यांवर प्रयोग करून २०२० सालीं दाखविलें, कीं जीं कुत्रीं भिऊन दूर न राहतां जवळ आलीं, त्यांतील सुमारें ऐंशी टक्के कुत्र्यांनीं अनोळखी माणसानें बोटानें दाखविलेली वाटी बरोबर ओळखली. त्यांना कोणीं शिकविलेलें नव्हतें. दोषही सांगितले पाहिजेत. तो आपल्या हद्दीविषयीं कडक असतो, परक्याचा संशय घेतो, आणि मोठेपणीं घरांत आणल्यास त्याला बंद दाराची संवय होण्यास वेळ लागतो. मात्र दोन-तीन महिन्यांचा असतांना घरांत आला, तर या शहराला त्याच्याइतका मानवणारा दुसरा कुत्रा मिळणें कठीण.

मुंबईचें आणि या कुत्र्याचें नातें जुनें आहे. १८३२ च्या जूनमध्यें सरकारी हुकमानें कोटांतील कुत्रीं मारलीं जाऊं लागलीं, तेव्हां ज्यांच्या धर्मांत कुत्र्याला पवित्र स्थान आहे अशा पारशांनीं दंगा केला आणि बाजार बंद पडला. दोन वर्षांनीं जमशेटजी जीजीभाई आदि धनिकांच्या पुढाकारानें गिरगांवच्या शेजारीं भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें इस्पितळ आहे. लोक त्याला ‘बैलघोडा’ म्हणतात, पण तेथें येणारांत आज कुत्र्यांची गर्दी असते. त्याच्या आवारांत १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय चालू झालें. २०१८ सालीं टाटांच्या ‘बाँबे हाऊस’ या कचेरींत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीं स्वतंत्र खोली झाली, आणि २०२४ सालीं महालक्ष्मीला टाटांच्या विश्वस्त संस्थेनें लहान प्राण्यांचें पांच मजली रुग्णालय उघडलें. शहरांत उपचाराची सोय अशी आहे. प्रश्न घराच्या तयारीचा आहे.

ती तयारी जोखण्यास कांहीं साधे प्रश्न पुरतात. जुलैच्या पावसांत सकाळीं सहा वाजतां कुत्र्याला खालीं कोण नेणार? दिवसा घरीं कोण असतें? मे महिन्यांत किंवा गणपतींत सारें कुटुंब कोंकणांत जाईल, तेव्हां तो कोणाकडे राहील? धाकट्याची हौस चार महिन्यांत फिटली, तर त्याचा भार कोण उचलणार? महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस यांची आठवण कोण ठेवील? गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेंही कुत्रा पाळण्यास बंदी करतां येत नाहीं, असें प्राणी कल्याण मंडळानें २०१५ सालीं कळविलें आहे. परंतु कायदा बाजूचा असला तरी शेजाऱ्याची झोप मोडावयाचा अधिकार त्यानें दिलेला नाहीं. या प्रश्नांचीं उत्तरें घरांतील मोठ्या माणसांनीं एकत्र बसून द्यावीं. उत्तर ‘पाहूं पुढें’ असें आलें, तर पिलूं आणण्याचा विचार वर्षभर लांबणीवर टाकावा. उत्तरें नीट मिळालीं, तर जातीचा वाद बराचसा आपोआप मिटतो, आणि पिलाला त्याच्या आईजवळ पाहून मगच घरीं आणावें.